मलावीत चुली बदलल्या, पण मुलांचा न्यूमोनिया का घटला नाही?

निशिगंध
नमस्कार. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने यंदाच्या निधीतून मलावीच्या दक्षिण भागातील एका गावाला सुधारित चुली द्यायचे जवळजवळ ठरवले आहे. आमच्यापैकी एक कुटुंब नोकरीनिमित्त ब्लॅन्टायरला असते आणि प्रस्ताव त्यांचाच आहे. तीन दगडांची चूल, कोंडलेला धूर, आईच्या पाठीला बांधलेले मूल आणि त्या मुलाला होणारा न्यूमोनिया अशी कारणपरंपरा सर्वांना पटली होती. टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आणि ते करताना याच देशात झालेला एक मोठा अभ्यास समोर आला. चिकवावा आणि करोंगा या दोन ग्रामीण जिल्ह्यांतील पाच वर्षांखालील १०,७५० मुलांचा त्यात समावेश होता. गावांचे १५० गट करून चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने काही गटांना पंख्याच्या, कमी धुराच्या चुली दिल्या आणि बाकीच्यांना पूर्वीप्रमाणेच स्वयंपाक करू दिला. निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये आला. नव्या चुलीच्या गटात वर्षाला दर शंभर मुलांमागे न्यूमोनियाचे १५.७६ प्रसंग नोंदले गेले आणि जुन्या चुलीच्या गटात १५.५८. म्हणजे फरक शून्य.

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. धूर फुप्फुसाला वाईट असतो, हे कोणी नाकारत नसताना धूर कमी करण्याचा उपाय मुलांच्या बाबतीत का लागू पडला नाही? आणि तिथल्या खेड्यांत लहान-मोठ्यांना श्वसनाचे आजार नेमके कशामुळे होतात? जाणकारांनी लिहावे, म्हणजे आमच्या मंडळालाही निर्णय घेता येईल.

घाटावरचा
अभ्यासातच काहीतरी गफलत असणार. आमच्या आजीने साठ वर्षे चुलीपुढे काढली, तिचा खोकला सगळ्या आळीला ठाऊक होता. ज्या संशोधकांना धुराचा परिणाम दिसत नाही, त्यांना एक दिवस ओल्या सरपणावर भाकऱ्या करायला बसवा.

स्टेथो
घाटावरचा, आजींच्या खोकल्याबद्दल शंका नाही, परंतु तो प्रौढ स्त्रीच्या श्वासनलिकांचा जुनाट आजार आहे आणि निशिगंधताईंचा प्रश्न दोन वर्षांच्या मुलाच्या न्यूमोनियाचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर सगळी चर्चा गोंधळाची होईल.

मी मलावीतील एका जिल्हा रुग्णालयात बालरोग विभागात काम केले आहे. मुलाचा न्यूमोनिया हा आधी जंतुसंसर्ग असतो. कुपोषण, कमी वजनाचा जन्म, धूर, गर्दी या गोष्टी त्या संसर्गाला वाट करून देतात. ग्रामीण आफ्रिकेत या आजाराने सर्वाधिक मुले दगावत, त्या काळात मुख्य गुन्हेगार दोन जीवाणू होते, न्यूमोकोकस आणि हिब. हिबची लस गांबियाने १९९७ मध्ये सुरू केली आणि काही वर्षांतच तो आजार तिथून जवळपास दिसेनासा झाला. न्यूमोकोकसच्या लसीची चाचणीही गांबियाच्याच पूर्वेकडच्या ग्रामीण भागात, सतरा हजारांहून अधिक मुलांवर झाली. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार क्ष-किरण चित्रात दिसणारा न्यूमोनिया ३७ टक्क्यांनी घटला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्याही कारणाने होणारे बालमृत्यू १६ टक्क्यांनी कमी झाले होते. दवाखान्यापर्यंत पोहोचणे कठीण असलेल्या भागात केवळ एका लसीने एकूण मृत्यूंत एवढी घट व्हावी, ही साधी गोष्ट नाही.

मलावीत ही लस २०११ च्या अखेरीस आली आणि चुलींचा अभ्यास त्यानंतरचा आहे. त्यामुळे ज्या न्यूमोनियावर चुलीचा परिणाम होतो का हे पाहिले गेले, त्यातला मोठा भाग बहुधा विषाणूजन्य होता. गांबिया, माली, केनिया, झांबिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्यासह सात देशांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या 'पर्च' अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, तेव्हा रुग्णालयात दाखल झालेल्या एचआयव्हीमुक्त मुलांच्या गंभीर न्यूमोनियापैकी सुमारे ३१ टक्के एकट्या आरएसव्ही या विषाणूमुळे होता. घरातला धूर कमी केल्याने खोकणारा मोठा भाऊ घराबाहेर जात नाही.

धूमकेतू
माझ्या नावामुळे या धाग्यावर माझ्याकडे संशयाने पाहिले जाईल, म्हणून आधीच सांगतो की मी धुराचे वकीलपत्र घेतलेले नाही. वाचनखूण साठवली आहे.

आकडेमोड
घाटावरचा यांची शंका अगदीच टाकाऊ नाही. मलावीच्या अभ्यासावर रास्त आक्षेप असा आहे की पंख्याची चूल झाली तरी ती लाकूडच जाळत होती, ती बिघडत होती, दुरुस्तीला जात होती, आणि शेजारच्या अंगणातला धूर, कचरा जाळल्याचा धूर, रॉकेलचा दिवा हे सगळे तसेच राहिले होते. मुलाच्या नाकाशी येणारी हवा पुरेशी स्वच्छ झालीच नसेल, तर फरक दिसणार कुठून?

पण हा आक्षेप पुढच्या अभ्यासांनी बराच बोथट केला. घानाच्या किंटाम्पो भागात गरोदर स्त्रियांच्या घरी थेट गॅस दिला, तरी बाळांच्या न्यूमोनियात फरक पडला नाही. त्यानंतर रवांडा, ग्वाटेमाला, पेरू आणि भारत या चार देशांत मिळून ३,२०० घरांत एक चाचणी झाली. निम्म्या घरांना गॅस शेगडी आणि सिलिंडर फुकट घरपोच दिले. तिथे लोकांनी गॅस खरोखर वापरला आणि लहान मुलांच्या श्वासातील सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला साधारण ६६ मायक्रोग्रॅमवरून २४ वर आले. भारतातली गावे तमिळनाडूतली होती. एवढी घट होऊनही वर्षाखालील बाळांच्या गंभीर न्यूमोनियात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०२४ चा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅमची आहे, त्यामुळे "२४ सुद्धा जास्तच आहे" असे कोणी म्हणू शकेल. माझ्या मते मात्र हा युक्तिवाद आता ताणला जातो आहे. निष्कर्ष नकोसा असला की दर वेळी "मात्रा कमी पडली" म्हणायचे, याला शास्त्र म्हणत नाहीत.

बाणकोटकर
स्टेथो यांनी मोठ्या भावाचा उल्लेख केला त्याला पुरावाही आहे. केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफीत संशोधकांनी काही ग्रामीण कुटुंबांतील सर्वांच्या नाकातील नमुने आरएसव्हीच्या हंगामभर ठरावीक दिवसांनी घेतले, कोणी आजारी असो वा नसो. तान्ह्या बाळांना झालेल्या संसर्गांपैकी निम्म्याहून अधिक घरातूनच आले होते आणि ते आणणारी बहुतेक वेळा शाळेत जाणारी मोठी भावंडे होती. त्यांना स्वतःला शिंका आणि थोडे नाक गळणे यापलीकडे काही होत नव्हते.

अस्मिता_ना
पण बाणकोटकर, मग हा आजार "ग्रामीण आफ्रिकेचा" कसा? आरएसव्ही पुण्यातही होतो आणि लंडनमध्येही होतो.

स्टेथो
होतो ना, आणि तितकाच होतो. फरक आजाराच्या संख्येत कमी आणि मृत्यूंत जास्त आहे. लंडनमधल्या बाळाला रात्री दोन वाजता ऑक्सिजन मिळतो. मी जिथे होतो तिथे आई मुलाला पाठीला बांधून आधी गावातल्या आरोग्य सहायकाकडे जाई, तो औषध संपले म्हणून आरोग्य केंद्रात पाठवी, आणि तिथून सायकलच्या कॅरिअरवर बसून ती आमच्याकडे पोहोचेपर्यंत मुलाचे ओठ निळे पडलेले असत.

त्यातच पावसाळ्यात मलेरिया आणि न्यूमोनिया एकाच वेळी वाढतात. तापाने फणफणलेले आणि जोरजोरात श्वास घेणारे मूल पाहून हा मलेरियामुळे आलेला रक्तक्षय आहे, न्यूमोनिया आहे की दोन्ही, हे क्ष-किरण यंत्राशिवाय सांगणे कठीण असते. मलेरियाची झटपट चाचणी होकारार्थी आली की मलेरियाचे औषध देऊन घरी पाठवायचे आणि छाती उघडून बघायचीच नाही, असे अनेक ठिकाणी घडते.

तात्या_सातारकर
छाती उघडून बघण्यावरून गडचिरोलीची आठवण होणे अपरिहार्य आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवून बालमृत्यू घटवल्याचा निबंध १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांना मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे साधन होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि मिनिटाच्या घड्याळातली वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर उपचार सुरू करायचे. टांझानियाच्या बागामोयो जिल्ह्यातही ऐंशीच्या दशकात याच दिशेचे काम झाले होते. या आणि अशाच इतर प्रयोगांच्या आधारावर पुढे आफ्रिकेतील अनेक देशांनी गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या हाती अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दिले.

वैद्यकी
तात्या, त्याला थोडी पुस्ती जोडते. निकष वयानुसार आहेत: दोन महिन्यांखालील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० श्वास. कागदावर हे सोपे वाटते. मूल आईच्या मांडीवर शांत हवे, रडणारे किंवा दूध पिणारे नको, झबले वर केलेले हवे, आणि पूर्ण मिनिट मोजायचे. तीस सेकंद मोजून दुप्पट केली की घोटाळा होतो, कारण लहान बाळ मध्येच थांबून श्वास घेते. रांगेत पन्नास बायका उभ्या असताना हे पूर्ण मिनिट कोणी देत नाही. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आहे का, हे पाहणे तर झबले न काढता शक्यच नसते.

शिवाय फक्त श्वास जलद आहे म्हणून दिलेली प्रतिजैविके पुष्कळ वेळा विषाणूच्या आजारात वाया जातात, हेही खरे आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गावापर्यंत पोहोचला, तर कोणाला घरी ठेवायचे आणि कोणाला पाठवायचे एवढे तरी नीट ठरवता येते.

घाटावरचा
मुलांचे समजले. पण आजीचा मुद्दा मी सोडणार नाही. प्रौढांचे काय?

आकडेमोड
तुमच्या बाजूचा पुरावा युगांडात आहे. मसिंडी या ग्रामीण जिल्ह्यात तिशीपुढच्या लोकांच्या फुप्फुसांची फुंकर-चाचणी केली तेव्हा १६.२ टक्के लोकांत सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार आढळला. हा निष्कर्ष २०१५ चा. त्यात बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित जास्तच होते आणि आजारी लोकांतले बरेचसे अवघे तिशीतले होते. आपल्याकडे हा आजार साठीच्या विडीबाजाचा मानला जातो. तिथे लाकडाचा किंवा पिकांच्या अवशेषांचा धूर जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला आलेला होता.

स्टेथो
मसिंडीचे चित्र सगळीकडे लागू करू नये. त्याच चिकवावा जिल्ह्यात प्रौढांची तशीच चाचणी झाली, तेव्हा आकसलेल्या श्वासनलिकांचे लोक दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. उलट साधारण एक तृतीयांश लोकांची फुप्फुसेच अपेक्षेपेक्षा लहान भरली, म्हणजे पूर्ण श्वास भरून सोडला तरी हवा कमी. यावर वाद आहे. "अपेक्षा" ठरवणारे कोष्टक गोऱ्या अमेरिकी लोकांवरून बेतलेले असेल, तर मलावीचा धडधाकट शेतकरीही त्यात नापास होईल. मात्र केवळ कोष्टकाला दोष देऊन सुटका होत नाही, कारण गर्भातले कुपोषण, कमी वजनाचा जन्म आणि बालपणी वारंवार झालेले न्यूमोनिया यांनीही फुप्फुसाची वाढ खुंटते. दक्षिण आफ्रिकेत पार्लजवळच्या ड्राकेनस्टाइन भागात जन्मापासून मुलांचा माग ठेवणारा अभ्यास चालू आहे. पहिल्याच वर्षी श्वसनमार्गाच्या खालच्या भागात संसर्ग झालेल्या बाळांची फुप्फुसे त्या वर्षाअखेरीसच मागे पडल्याचे त्यात दिसले.

म्हणून मी मुलांचे आणि प्रौढांचे आजार वेगळे ठेवा म्हणत असलो, तरी ते एकाच माणसाला होतात. चाळिशीत धाप लागलेल्या माणसाचा इतिहास पुष्कळदा त्याच्या पाळण्यात सुरू झालेला असतो.

जोबर्गकर
इथे कोणी अजून खाणींचे नाव काढले नाही याचे नवल वाटते. मी जोहान्सबर्गला राहतो. इथल्या सोन्याच्या खाणींत शतकभर मजूर आले ते लेसोथोतून, मोझांबिकमधून, ईस्टर्न केपच्या खेड्यांतून. वर्षाचा करार संपला की माणूस गावी जाणार आणि पुन्हा येणार. सोन्याच्या खडकात सिलिका असते, तिची धूळ फुप्फुसात बसते, आणि तशा फुप्फुसात क्षयाचा जंतू फार सहज घर करतो. मग आजारी माणूस कामावरून कमी होतो आणि गावी जातो. खाणीच्या दवाखान्याच्या नोंदीतून तो निघून जातो आणि त्याचा खोकला खेड्याच्या वाट्याला येतो. ट्रान्सकायमधील लिबोडे या ग्रामीण भागात राहणाऱ्या माजी खाणकामगारांची तपासणी नव्वदच्या दशकात झाली, तेव्हा क्ष-किरण चित्रे कोण वाचतो त्यानुसार २२ ते ३६ टक्के लोकांत सिलिकोसिस, म्हणजे या धुळीचा फुप्फुसाचा आजार, सापडला. खाण कंपन्यांविरुद्धच्या सामूहिक दाव्यात सुमारे पाच अब्ज रँडची तडजोड इथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मंजूर केली.

आमच्या सोसायटीच्या रखवालदाराचे वडील लेसोथोच्या डोंगरात राहतात. त्यांनी भरपाईसाठी अर्ज केला आहे. कामाचा जुना दाखला, छातीची तपासणी आणि बँक खाते ही तीन कागदपत्रे गोळा करायला त्या म्हाताऱ्याला घोड्यावरून आणि मग टॅक्सीतून गावाबाहेर जावे लागते, आणि घोड्यावर बसल्याबसल्याच त्याला धाप लागते.

वैद्यकी
जोबर्गकर, उत्तम प्रतिसाद. खाणीच्या जोडीला एचआयव्ही घेतल्याशिवाय दक्षिण आफ्रिकेतल्या प्रौढांचे चित्र पुरे होत नाही. क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या टुगेला फेरी या खेडेगावातील रुग्णालयात जवळपास सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे ५३ रुग्ण सापडले आणि त्यातले ५२ दगावले. बेडका तपासणीला घेतल्यापासून मृत्यूपर्यंतचा मध्य कालावधी केवळ १६ दिवसांचा होता. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. ज्यांची एचआयव्ही चाचणी झाली होती ते सगळे बाधित निघाले. रुग्णालयातच एकमेकांकडून लागण झाल्याची दाट चिन्हे होती, त्यामुळे वॉर्डाच्या खिडक्या थंडीतही उघड्या ठेवणे आणि प्रतीक्षेचा बाक व्हरांड्यात हलवणे यांना औषधाइतकेच महत्त्व आले.

आणखी एक. क्षय बरा झाला म्हणजे फुप्फुस बरे झाले असे नसते. औषधांचा कोर्स पूर्ण करूनही व्रण राहतात, दम लागतो, आणि अशा माणसाला दर खोकल्याला पुन्हा क्षयाचेच औषध सुरू केले जाते.

अस्मिता_ना
दम्याबद्दल कोणीच लिहिले नाही. खेड्यात दमा नसतोच, असे वाचल्याचे स्मरते.

बाणकोटकर
ते स्मरण १९७९ च्या एका प्रसिद्ध पाहणीचे असावे. खोसा समाजाच्या मुलांना पळवून नंतर त्यांचा श्वास मोजला, तेव्हा ट्रान्सकायच्या खेड्यांत ०.१४ टक्के आणि केप टाऊनच्या वस्तीत ३.१७ टक्के मुलांना श्वासनलिका आवळण्याचा त्रास झाला. पुढच्या काळातल्या पाहण्यांत हे अंतर बरेच कमी झालेले दिसते. आज खेड्यातला दमा दिसत नाही याचे एक कारण असेही आहे की त्याला कोणी दमा म्हणतच नाही. पंप उपलब्ध नसतो, श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या गोळ्या दिल्या जातात आणि नोंदवहीत "खोकला" लिहिले जाते.

निशिगंध
सर्वांचे मनापासून आभार. मंडळाला पाठवायच्या टिपणात मी एवढे लिहिते आहे की मुलांचा न्यूमोनिया कमी करण्यासाठी म्हणून चुली देऊ नयेत. आता प्रश्न उरतो, चुली द्यायच्याच नाहीत का? ब्लॅन्टायरच्या मैत्रिणीशी काल बोलले. ती म्हणते, त्या गावात कोरड्या दिवसांत बायका घरापुढच्या ओसरीवर किंवा अंगणातच रांधतात, पावसाळ्यात मात्र आत जातात, आणि तेव्हा मक्याची बुरकुंडे आणि तुराट्या ओल्या असल्याने डोळे उघडवत नाहीत. बायकांनी चुली मागितल्या आहेत, पण त्या सरपण कमी लागावे म्हणून.

घाटावरचा
मग त्याच कारणासाठी द्या! सरपणाची मोळी दोन कोसांवरून आणणाऱ्या बाईला हे कारण पुरेसे आहे. आजीलाही पुरेसे वाटले असते.

आकडेमोड
घाटावरचा यांच्याशी पहिल्यांदाच पूर्ण सहमत. फक्त अहवालात "वाचलेली बालके" असा रकाना ठेवू नका.

स्टेथो
निशिगंधताई, मुलांसाठीच काही करायचे असेल तर पैसा ऑक्सिजनकडे वळवा. मलावीने २००० ते २००५ या काळात जिल्हा रुग्णालयांत बालन्यूमोनियाचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, औषधांचा अखंड पुरवठा, नोंदी आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी यंत्रे एवढाच त्याचा ऐवज होता. गंभीर न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण १८.६ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आले. एका यंत्राला विभाजक लावला की चार-पाच बाळांना एकदम ऑक्सिजन देता येतो. आमच्या वॉर्डात त्या यंत्राभोवती खाटा अर्धवर्तुळात लावलेल्या असत, कारण नळ्या तेवढ्याच लांब होत्या.

यंत्र विकत घेणे सोपे असते. देणगीतून आलेली बंद यंत्रे आमच्या कोठाराच्या भिंतीला टेकून रांगेने उभी होती. कोणाची धुळीची गाळणी चोंदलेली, कोणते व्होल्टेज वरखाली होऊन जळलेले. म्हणून यंत्रासोबत व्होल्टेज स्थिर ठेवणारे उपकरण, दोन वर्षांचे सुटे भाग आणि जिल्ह्यातल्याच एखाद्या तंत्रज्ञाचा पगार असा हिशेब धरा. तुम्ही सगळे अभियंते आहात, हे काम तुम्हाला चुलीपेक्षा चांगले जमेल.

निशिगंध
हे मंडळात मांडते. जिल्हा रुग्णालयाकडे आधी विचारणा करायची ती कोणाकडे, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे की देखभाल विभागाकडे?

स्टेथो
पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे लिहा, पण बोलणी बालरोग वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेशी करा. कोणते यंत्र खरोखर चालते आणि कोणते फक्त यादीत आहे, हे तिलाच ठाऊक असते.